रॉड्रिग्ज बेटावरचं एकुलतं एक झुडूप

नमस्कार श्रोतेहो. सातारकरांना दुर्मिळ फुलांचं कौतुक सांगायला नको. पण आज एका लांबच्या झुडपाची हकिगत सांगायची आहे.

मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज नावाचं छोटं बेट आहे. तिथलं कॅफे मारों हे झुडूप कॉफीच्या कुळातलं, पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचं. दुसरीकडे कुठंही ते रानात उगवत नाही. जंगलतोड झाली, शेळ्यांनी रान ओरबाडलं आणि झुडूप नामशेष झालं असंच सगळे धरून चालले. मग १९८०च्या सुमारास एका शिक्षकांनी वर्गात त्याचं जुनं चित्र दाखवलं, आणि एका विद्यार्थ्यानं चक्क त्याची डहाळी आणून दिली! झाड एकच उरलं होतं.

ते औषधी आहे अशा समजुतीनं लोक फांद्या तोडू लागले. कुंपणामागून कुंपण घालावं लागलं. १९८६ साली त्याची छाट कलमं विमानानं लंडनच्या क्यू उद्यानात गेली. तिथं एक रुजलं, फुललंही, पण बी काही धरेना. कलमातून वाढलेलं झाड म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा. त्यातून नवी पिढी येत नाही. अखेर २००३ साली क्यू उद्यानातले वनस्पतितज्ज्ञ कार्लोस मॅग्डालेना यांनी फुलातल्या स्त्रीकेसराचं टोक कापून परागकण थेट आत ठेवले. कितीतरी वेळा फसल्यावर फळ धरलं.

त्या बियांतून आलेल्या रोपांनी नवलच दाखवलं. कोवळेपणी त्यांची पानं लांब, अरुंद, तपकिरी छटेची. मोठेपणी हिरवी, रुंद. एके काळी बेटावर महाकाय कासवं चरायची. त्यांच्या नजरेतून सुटायला हे सोंग असावं, असं अभ्यासक मानतात. कासवं खलाशांनी कधीच संपवली, झुडपानं मात्र सोंग सोडलं नाही. मला हे वाचून भरून आलं.

आपले कातळसडेही बेटंच की. भोवती शेती आणि जंगल, मधे उघडा दगड. कासच्या उथळ पाण्यात फुलणारा वायतुरा सह्याद्रीतल्या मोजक्याच सड्यांवर सापडतो, आणि शास्त्रीय नावात तो सातारा मिरवतो. त्याचा दुहेरी तुरा ओळखू शकतील अशी पोरं आपल्या शाळांत किती असतील? गुरुजी, बाई, येत्या पावसाळ्याआधी वर्गाच्या भिंतीवर वायतुऱ्याचं एक चित्र लावा. सड्यालगतच्या गावांतल्या शाळांनी तर नक्कीच. तिथली पोरं पावसात रोज त्या डबक्यांवरून जातात.