फूरमानांचं आभाळ, हाटमचा मनोरा

श्रोतेहो, नमस्कार. ऱ्हाइनची एक शाखा, आयसेल, नेदरलँड्समधून उत्तरेकडे वाहते. तिच्या पश्चिमेला, झ्वोले शहराच्या समोरच्या अंगाला, हाटम हे छोटंसं जुनं गाव आहे. चित्रकार यान फूरमान १८८९मध्ये तिथे राहायला आले आणि १९४१मध्ये वारले ते तिथेच. मुलगाही यान आणि तोही चित्रकार, म्हणून यांना थोरले फूरमान म्हणतात. त्यांच्या देशाबाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

त्यांच्या हाटमच्या चित्रांत खाली पुराच्या पाण्यावर पोसलेलं कुरण, त्यात गाई, मग नदीचा पट्टा, पलीकडे चर्चच्या मनोऱ्याभोवतीचं इवलंसं गाव. बाकी सगळं आभाळ.

असं दृश्य काढून पाहा. कागद ३० सेंटिमीटर उंच असेल, तर क्षितिज तळापासून ७ सेंटिमीटरवर धरा आणि मनोरा दीड सेंटिमीटरात बसवा. बहुतेकांचा मनोरा इथेच दुप्पट होतो, कारण ज्यावर जीव जडतो ते डोळ्याला मोठं दिसतं. मनोरा वाढला की आभाळ खुजं झालंच.

आता ढग. उन्हाळ्यातल्या राशीमेघांचे, म्हणजे ढीग रचल्यासारख्या पांढऱ्या ढगांचे, माथे कसेही फुगोत, तळ सपाट असतात. वर चढणाऱ्या हवेतल्या वाफेचे साधारण एकाच उंचीवर थेंब होतात, म्हणून ते तळ जणू एकाच छताला टेकलेले. डोक्यावरच्या ढगाचं पोट दिसतं, दोन ढगांत मोकळी निळाई असते. क्षितिजाकडे तेच तळ बारीक रेघा होऊन एकमेकांना खेटतात. सगळे ढग एकाच मापाचे काढलेत, तर पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखं दिसेल. उन्हाच्या बाजूला पांढऱ्यात किंचित पिवळा घाला. सावलीत निळसर राखाडी, पण ती गावाच्या छपरांहून फिकीच ठेवा. ती गडद झाली की ढग गावावर कोसळतात.

पाण्यातलं प्रतिबिंब मनोऱ्याच्या बरोबर खाली, उभं उतरतं. तिरकं काढलंत तर ती सावली झाली. उजळ भिंत पाण्यात जराशी काळवंडते, गडद छप्पर जरासं उजळतं. आणि मनोरा काठापासून बराच आत असेल, तर मधला काठ त्याचा पायथा झाकतो. पाण्यात फक्त टोक उमटतं. पायथ्यासकट अख्खा मनोरा पाण्यात उतरवलात, तर गाव थेट नदीत येऊन उभं राहील.

गाई शेवटी. पुढची एकच गडद ठेवा, बाकीच्या कुरणाच्या रंगात विरू द्या.