मूठभर आणि वीतभर

नमस्कार श्रोतेहो.

इमारतीच्या कॉलममध्ये उभ्या सळयांभोवती आडव्या रिंगा बांधलेल्या असतात. कॉलमला बीम मिळतो त्या जागेच्या वर आणि खाली या रिंगा दाट हव्यात, साधारण दहा सेंटिमीटरवर, म्हणजे मूठभर अंतरावर. शिवाय रिंगेची टोकं आत, कॉलमच्या गाभ्यात वळवलेली हवीत. बांधकामावर वाकून, हात लावून मी हे अंतर कितीदा तरी पाहिलं आहे. मूठभर हवं तिथे वीतभर, आणि टोकं नुसती काटकोनात दुमडलेली. भूकंपात बाहेरचं काँक्रीट निखळलं की अशी रिंग उघडते, उभ्या सळया वाकतात आणि वरचे मजले एकावर एक बसतात. एवढं करून लोखंड वाचतं थोडंसंच. पण एकदा काँक्रीट ओतलं की हा कॉलम आणि नीट बांधलेला कॉलम शेजारी शेजारी उभे करा, डोळ्यांना फरक कळणार नाही. घर घेणारा नळ सोडून बघतो, खिडक्या उघडून बघतो. रिंगा तो कुठून बघणार?

त्याच्या वतीने बघायला बांधकामाचे नियम आहेत. ते मोडणाऱ्याला आज जो दंड होतो, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

साधा हिशेब करू. मंजूर नकाशापेक्षा एक मजला जास्त चढवला तर शंभर मिळणार आणि पकडलं गेल्यास पाच भरावे लागणार, असं असेल तर बांधणारा ते पाच आधीच खर्चात धरून ठेवतो. सिमेंट इतकं, मजुरी इतकी, दंड इतका. त्यातही दहांपैकी दोघेच सापडत असतील, तर तो खर्चही नावापुरता उरतो. बेकायदा मजल्यातून जेवढं कमावलं, त्याहून जास्त जात नाही तोवर तो दंड म्हणजे एक प्रकारचा परवानाच आहे. माझं मत स्पष्ट आहे: दंडाची रक्कम कायद्यात आकड्याने लिहून वर्षानुवर्षं तशीच ठेवू नये, ती नफ्याला बांधावी.

दक्षिण कोरियात सोलमधल्या साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअरची गोष्ट आपल्यापैकी काहींना आठवत असेल. इमारत मुळात राहण्यासाठी आखलेली, चार मजल्यांची. मालकाने मध्येच तिचं दुकान करायचं ठरवलं. सरकत्या जिन्यांसाठी कॉलम काढायला सांगितले. ठेकेदाराने नकार दिला, तेव्हा त्याला काढून स्वतःच्याच कंपनीकडून काम करून घेतलं. मग पाचवा मजला चढला, त्यावर उपाहारगृहं आली. गच्चीवरची वातानुकूलनाची अवजड यंत्रं क्रेनने न उचलता स्लॅबवरून सरकवत नेली, तिथे तडे गेले. २९ जून १९९५ च्या सकाळी वरच्या मजल्यावर ते तडे स्पष्ट दिसत होते. वरचा मजला बंद केला, बाकीचं दुकान चालू ठेवलं. संध्याकाळी इमारत काही सेकंदांत कोसळली आणि ५०२ माणसं गेली. मालकाला अपिलानंतर साडेसात वर्षांची कैद झाली. लाच घेऊन बदलांना मान्यता देणारे अधिकारीही तुरुंगात गेले. माणसं मेल्यावर शिक्षा झाली, हे खरं. पण पहिला कॉलम काढला त्या दिवशी कोणाला काय झालं? काहीच नाही. शिक्षा तिथे हवी होती.

तुटपुंज्या दंडाहूनही एक गोष्ट मला जास्त खटकते, ती म्हणजे माफी. तुर्कस्तानात २०१८ साली पैसे भरून बेकायदा बांधकामं नोंदवून घेण्याची योजना आली आणि लाखो अर्ज आले. त्यासाठी इमारतीची भूकंपासाठी तपासणी सक्तीची नव्हती, मालकाने स्वतःच लिहून देणं पुरेसं होतं. ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला, तुर्कस्तानात ५० हजारांहून अधिक लोक मेले. प्रत्येक पडलेली इमारत माफीतली होती असं मी म्हणत नाही. पण शुल्क भरून कागद नियमित होतो, कॉलम होत नाही. आणि एकदा माफी दिली की पुढचा बांधणारा पुढच्या माफीची वाट बघत मजले चढवतो.

आता दंड कोणी भरायचा? बहुतेक वेळा नोटीस येते तेव्हा बांधणारा पैसे घेऊन गेलेला असतो आणि घरात एखादं कुटुंब राहत असतं. त्यांच्याकडून वसूल करणं मला अन्याय वाटतो. दंड बांधणाऱ्याच्या नावावर चिकटला पाहिजे, त्याने कंपनी बदलली तरी. चिलीमध्ये इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला तर पहिल्यांदा विकणारा दहा वर्षं जबाबदार असतो. २०१० साली तिथे ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचा आकडा पाचशेच्या आसपास राहिला. त्यामागे चांगली बांधकाम नियमावली आहे आणि सरावही आहे. पण दोष आपल्या अंगावर येणार हे विकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असणं, याचाही त्यात वाटा आहे असं मी मानतो.

दंड मोठा केला तर लाचही मोठी होईल, असं पुष्कळजण म्हणतात. भीती खरी आहे. त्यामुळे काँक्रीट ओतण्याआधी रिंगांचे फोटो तारखेसह जमा व्हावेत, तपासणाऱ्याची सही नावानिशी सगळ्यांना बघता यावी आणि खोट्या सहीला बांधणाऱ्याइतकीच शिक्षा असावी. खिडकीवर पत्रा वाढवणाऱ्या घरमालकाला मात्र या तराजूत घालू नका. त्याला समज द्या, मुदत द्या. कॉलम, बीम, आग लागल्यावर बाहेर पडायचा जिना, यांना हात लावणाऱ्याचं काम त्याच दिवशी थांबवा आणि रोजचा दंड सुरू करा.

सोलमधल्या त्या पहिल्या ठेकेदाराचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याने योग्य तेच सांगितलं आणि काम गमावलं. ठेकेदाराने किंवा इंजिनिअरने सुरक्षेच्या कारणाने काम सोडलं, तर ते कारण लेखी नगर प्रशासनाकडे जावं, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या इंजिनिअरच्या सहीने येईपर्यंत दुसऱ्या कोणालाही तिथे काम सुरू करता येऊ नये. नियमांत एवढं एक कलम घाला, असं मी जिथे बोलायला मिळेल तिथे सांगतो. आज तुम्हालाही सांगितलं. नमस्कार.