फिरला की बिघडला: टेलस्टॉकमधला ड्रिल चक

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप एकमेकांना लागूनच. इथल्या लेथवर बिडाचे जॉब भरपूर. बिडाची चिप लांब सुटत नाही, तिची भुकटी होते, आणि ती काळी भुकटी टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या भागाच्या) स्लीव्हमध्ये, म्हणजे पुढे-मागे होणाऱ्या पोकळ नळीत, जाऊन बसते. ड्रिल पकडणाऱ्या चकाची बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात.

आधी चक आर्बरवर, म्हणजे त्याला स्लीव्हशी जोडणाऱ्या दांड्यावर, चढवायचा. १३ मिलिमीटरच्या चकाला मागे बहुधा बी-१६ किंवा जेटी-६ मापाचा टेपर (निमुळता उतार) असतो; आर्बर त्याच नंबरचा हवा. दोन्ही टेपर थिनरने पुसून कोरडे करा. जबडे पूर्ण आत घ्या, नाहीतर ठोका त्यांच्यावर बसेल. चक लाकडावर पालथा ठेवून आर्बरच्या टोकावर मोगरीचा एक ठोका. बस.

आता स्लीव्ह ४०-५० मिलिमीटर बाहेर काढा. पूर्ण आत ठेवली तर आतला स्क्रू आर्बरला अडतो. टेपर बसल्यासारखा वाटतो, बसलेला नसतो. कोरडी चिंधी आत फिरवा, मग करंगळीने चाचपा. बोटाला खरखर लागली तर पुन्हा पुसा. आर्बर एका झटक्यात आत, आणि चक हाताने पिळून पाहा.

एवढी काळजी का? स्लीव्हमध्ये बसणाऱ्या मोर्स टेपरचा उतार साधारण २० ला १. तो निव्वळ घर्षणावर धरतो. टँग (आर्बरचं चपटं टोक) अडवायला खाच असलेले टेलस्टॉक थोडे. ड्रिल अडकलं की चक गर्रकन फिरतो आणि मधला कण स्लीव्हमध्ये चर पाडतो. टेपर रीमर हाताने फिरवला तर उंचवटे निघतात, चर तसाच राहतो. म्हणून १३ च्या वरचं ड्रिल टेपर शँकचंच (निमुळत्या दांड्याचंच) घ्यावं, थेट स्लीव्हमध्ये.

फेसिंग (जॉबचं तोंड सपाट करणं) झालं की मध्य धरायला आखूड सेंटर ड्रिल, मग ड्रिल. चावी तिन्ही भोकांत फिरवून आवळा. "चावी काढलास काय रे?" हे मशीन चालू करण्याआधीच विचारायचं. १० मिलिमीटरच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला एमएसवर (माइल्ड स्टीलवर) ८०० च्या आसपास आरपीएम, बिडावर ६००. एमएसला कुलंट; बीड कोरडंच. खोली व्यासाच्या तिप्पट झाली की दर थोड्या वेळाने ड्रिल बाहेर काढून चिप झाडा. भोक मोठं येत असेल तर ड्रिलच्या दोन्ही धारा सारख्या आहेत का बघा. टेपर टर्निंगला (निमुळता जॉब कापायला) सरकवलेला टेलस्टॉक झिरोवर आणायचा राहिला असेल, तेही बघा.

आरपार जाताना ड्रिल स्वतःच पुढे ओढलं जातं. तिथे हँडव्हील हळू. अडकलंच तर आधी मशीन बंद. चालू मशीनवर स्लीव्ह मागे ओढली, तर चक टेपरमधून सुटून जॉबबरोबर फिरायला लागतो.