पोतं कुणाचं?

(पहाट. शिरोलीकडून पंचगंगेचा पूल. धुक्यात ट्रकचे दिवे.)

पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरला खेटून जातो. तावडे हॉटेलच्या चौकात पहाटे उभं राहिलं की एकामागोमाग एक गाड्या दिसत राहतात. गुळाच्या, साखरेच्या, फाउंड्रीतल्या कास्टिंगच्या, भाजीच्या. पुढे कागल, आणि कागल ओलांडलं की कर्नाटक.

यातल्याच एखाद्या गाडीत कधीतरी गांजा सापडतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. टेबलावर खाकी टेप गुंडाळलेली पुडकी, मागे तोंडावर कापड घेतलेला माणूस.

आम्हाला विचारायचं आहे ते एवढंच. पुडक्यांत काय आहे, हे त्या माणसाला माहीत होतं का? आणि ते कोर्टात कसं सिद्ध होतं?

(शाहू मार्केट यार्ड. हमालांच्या पाठी, पोती, गुळाचे रवे.)

गाडी भरताना पाहा. हमाल पाठीवर पोतं घेतो, फळीवरून चढतो, टाकतो, उतरतो. चालक खाली उभा आहे. तो नग मोजतो. टायर बघतो. माल एका अंगाला झुकत नाही ना, हे बघतो. मग ताडपत्री पडते, रस्सा आवळला जातो आणि चालकाच्या हातात बिल्टी येते. माल कुणाचा, कुठं जायचा, नग किती, एवढं त्या कागदावर असतं. पोत्याचं तोंड तो उसवून बघत नाही. बघायला लागला तर त्याला दुसऱ्या दिवशी कुणी भाडं देणार नाही.

आता याच गाडीतल्या पन्नास पोत्यांपैकी दोन पोत्यांत गांजा निघाला असं धरू. गाडी चालकाच्या ताब्यात आहे. पोती गाडीत आहेत. मग पोती चालकाच्या ताब्यात आहेत का?

(कोर्टाच्या आवारातला व्हरांडा. फायलींचे गठ्ठे.)

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. त्यात ताबा हा शब्द जागोजागी आहे, पण त्याची व्याख्या नाही. ती न्यायालयांनी निकालांमधून घडवली. वस्तू माणसाच्या कह्यात हवी आणि ती काय आहे याची त्याला जाणीव हवी. दोन्ही असेल तर तो जाणीवपूर्वक ताबा.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २००२ चा अवतार सिंग विरुद्ध पंजाब राज्य. गाडीत पोस्ताच्या, म्हणजे अफूच्या, बोंडांच्या भुशाची पोती होती आणि काही माणसं त्या पोत्यांवर बसलेली होती. नुसतं पोत्यावर बसलं म्हणून पोतं ताब्यात आलं असं होत नाही, असं न्यायालयानं धरलं आणि आरोपी सुटले. पुढच्याच वर्षीचा, २००३ चा मदनलाल विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य. एका खाजगी मोटारीत पाच जण, आत चरस. माणसं एकमेकांच्या ओळखीची, गाडी सार्वजनिक वाहतुकीची नव्हे. आपल्याला माहीत नव्हतं हे त्यांना दाखवता आलं नाही. शिक्षा कायम राहिली.

म्हणजे गाडी कसली, बसलेले कोण, एकमेकांचे कोण, माल उघड्यावर की दडवलेला, यावर सगळं फिरतं. महामंडळाच्या एसटीत रॅकवर बेवारस बॅग सापडली तर चाळीस प्रवाशांना कुणी आरोपी करत नाही. खाजगी जीपमध्ये तीच बॅग सापडली की प्रश्न बदलतो.

(कायद्याचं पुस्तक. बोट ओळीवरून फिरतं.)

ही दोन कलमं सावकाश वाचा. कलम ५४: बंदी असलेला माल ताब्यात सापडला आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर गुन्हा केला असं न्यायालय धरू शकतं. कलम ३५: आरोपीची दोषी मनःस्थिती न्यायालय गृहीतच धरतं, ती नव्हती हे आरोपीनं दाखवायचं. आपल्याकडे साधारणपणे सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं. इथं ते ठरावीक टप्प्यावर आरोपीच्या खांद्यावर येतं.

पण तो टप्पा कधी येतो, हे महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच विसरलं जातं. २००८ मध्ये नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही कलमं वैध ठरवली आणि त्याच निकालात सांगितलं की पाया आधी सरकारनं भरायचा. ताबा सिद्ध करायचा, तोही संशयाला जागा न ठेवता. त्यानंतर गृहीतक लागू होतं. पायाच कच्चा असेल तर वरचं सगळं अधांतरी.

हा पाया भरला जातो रस्त्याच्या कडेला, पंचनाम्यात.

(रात्र. बॅटरीचा उजेड. उभी गाडी. पडद्यावर: नाट्यरूपांतर.)

हा प्रसंग आम्ही उभा केला आहे. पोलीस, पंच, चालक, सगळे अभिनय करताहेत. पुडक्यांत वाळला पाला आहे. खऱ्या कायद्यातही नुसता पाला किंवा नुसतं बी म्हणजे गांजा नव्हे. झाडाचा फुलोरा लागतो, पाला आणि बी त्याच्यासोबत असेल तरच त्यात धरलं जातं. तराजू आणि लाख मात्र खरी आहे.

खबर आली की ती लिहून घ्यायची. कलम ४२ म्हणतं, त्याची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे गेली पाहिजे. हा कागद माहिती असण्या-नसण्याशी थेट जोडलेला आहे. खबरीनं नाव कुणाचं सांगितलं होतं? चालकाचं, मालकाचं, की माल भरून देणाऱ्याचं? तो कागदच नसेल तर हे कधी कळणार नाही.

मग अंगझडती. आपली झडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्यावी असं सांगण्याचा हक्क आरोपीला आहे. कलम ५०. तो हक्क त्याला समजावून सांगावाच लागतो, हे घटनापीठानं २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा खटल्यात पक्कं केलं. हे अंगावरच्या झडतीपुरतं आहे, गाडीला आणि बॅगेला लागू नाही.

आता चालकाचं बोलणं ऐका. "साहेब, मी नुसता गाडी चालवतोय. आत काय हाय मला काय म्हाईत?"

हे खरंही असू शकतं, खोटंही. कोण ठरवणार? कॅमेरा जिथं जातोय तिथं बघा. पोती मालाच्या मधोमध होती की सीटच्या मागच्या चोरकप्प्यात? चोरकप्पा असेल तर त्याची किल्ली कुणाच्या खिशात मिळाली? बिल्टीवर नग पन्नास आणि गाडीत बावन्न, हे लिहिलं का? नंबरप्लेट खरी आहे? गाडी बिल्टीच्या रस्त्यानं चालली होती की गगनबावड्याकडे वळली होती? उग्र वास केबिनपर्यंत येत होता? भाडं नेहमीचं ठरलं होतं की चौपट? फोनवर माल पाठवणाऱ्याशी रात्रीतून किती वेळा बोलणं झालं?

यातलं एकेक उत्तर म्हणजे माहिती असल्याचा किंवा नसल्याचा पुरावा. आणि पंचनाम्यात बहुतेक वेळा काय असतं? ‘सदर वाहनाची झडती घेता गांजासदृश पदार्थ मिळून आला.’ कुठं मिळून आला, हेच नाही. आम्हाला या वाक्याची चीड आहे. या एका वाक्यानं जाणूनबुजून माल नेणारा सुटू शकतो आणि काहीच ठाऊक नसलेला अडकू शकतो.

(तराजू. काटा हलतो, थांबतो.)

वजन. गांजा १ किलोपेक्षा कमी असेल तर अल्प प्रमाण, २० किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं सक्तमजुरी, २० पर्यंत जाऊ शकते, वर किमान १ लाख दंड. म्हणून या काट्याकडे एवढ्या जवळून बघायचं. पोत्यासकट वजन केलं की पोतं वगळून, हे लिहिलं पाहिजे.

(मेणबत्ती. लाख वितळते, थेंब पडतो, मोहर उमटते.)

मालावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, दोरा, लाख आणि मोहर. मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरमध्ये नोंद. कलम ५२ अ नुसार मॅजिस्ट्रेटसमोर यादी होते, फोटो निघतात, नमुने काढले जातात. गांजाचे असतील तर २४-२४ ग्रॅमचे दोन. मोहरेचा ठसा वेगळ्या कागदावर प्रयोगशाळेला जातो आणि तिथला माणूस पाकीट उघडण्याआधी दोन्ही ठसे जुळवतो. जुळले नाहीत तर कोर्टात आलेला माल हाच तो माल, हे कुणी सांगायचं?

१ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १०५ मुळे, झडती-जप्तीचं चित्रण करावं लागतं. पोतं उचलण्याआधी ते जिथं होतं तिथं दाखवलं, तर वरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या चित्रणातच मिळतील.

(कळंबा कारागृहाची भिंत, बाहेरून. मुलाखतीच्या रांगेतल्या बायका.)

व्यापारी प्रमाण असेल तर एनडीपीएसच्या कलम ३७ मुळे जामीन अवघड, आणि आरोपपत्रालाच १८० दिवसांची मुदत.

(भाऊसिंगजी रोड. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. वकिलांची लगबग.)

१८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांची अपिलं इथं कोल्हापुरात चालतात. मुंबईची रात्रीची गाडी पकडायची गरज उरली नाही. सकाळी अकराच्या आत एक वकील बाई बाकावर फाईल उघडून बसल्या आहेत. काही वर्षांपूर्वीचा पंचनामा आहे, कार्बन कॉपी, पुसट झालेली. त्या पानावरून बोट खाली नेताहेत. चोरकप्प्याची किल्ली कुणाकडे मिळाली, ती ओळ त्या शोधताहेत.