दोन एजंट भांडले तर पंखा कोणाचं ऐकणार?

नमस्कार मंडळी! परळमधला एक फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. मे महिना, दुपारचे अडीच. आजी वामकुक्षीला आडव्या झाल्यात, वर पंखा गरगरतोय. अर्ध्या तासाने पंखा आपोआप बंद. दोन मिनिटांत चालू. पुन्हा बंद! आजी वैतागून म्हणतात, "मेल्या लाइटीला आत्ताच जायचं होतं!" पण लाइट गेलेलीच नाही. घरातले दोन सॉफ्टवेअर एजंट भांडतायत.

एजंट म्हणजे नेमून दिलेल्या कामासाठी स्वतःहून निर्णय घेणारा प्रोग्राम. इथे एकाला वीजबिल सांभाळायचंय, दुसऱ्याला घरातल्यांना उकडू द्यायचं नाहीये. कोण कुठे आहे, वेळ काय, उकाडा किती, हे ओळखून वागणाऱ्या यंत्रणेला म्हणतात कॉन्टेक्स्ट-अवेअर कम्प्युटिंग. हे नाव १९९४पासूनचं. संगणक आपल्या आजूबाजूला असा मिसळून जावा की तो आहे हेही जाणवू नये, हे संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१मध्येच लिहून ठेवलं होतं.

आता भांडण मिटवायचं कसं? पटकन सुचतं ते म्हणजे क्रमवारी लावणं. कधीकधी तेच योग्य असतं. आग लागली, चोरांपासून राखण करणारा एजंट दार बंद ठेवतोय आणि आगीवर लक्ष ठेवणारा उघडा म्हणतोय, तर तिथे वाटाघाटी कसल्या करताय? दार उघडायचं! पण पंख्याचं काय? बिलाला वर ठेवलं तर आजी घामाघूम, आरामाला वर ठेवलं तर रिकाम्या घरातही पंखा फिरणार.

दुसरा एक मार्ग म्हणजे संगणकशास्त्रज्ञ रीड स्मिथ यांनी १९८०मध्ये मांडलेली कॉन्ट्रॅक्ट नेट ही पद्धत. टेंडर काढावं तसं एक एजंट काम जाहीर करतो, बाकीचे बोली लावतात, त्यातल्या एकाला काम मिळतं. कामं वाटायला झकास. पण आपल्या दोन एजंटांचं भांडण काम कोणी करायचं यावरून नाहीच मुळी.

जरा छताकडे बघा. तो पांढरा डबा म्हणजे पीआयआर सेन्सर. उबदार शरीर हललं तरच त्याला कळतं. आजी गाढ झोपल्या, हालचाल थांबली, आणि बिलवाल्या एजंटाने ठरवलं की खोली रिकामी आहे. दुसऱ्याला मात्र आजींच्या मनगटावरच्या घड्याळातून नाडीचे ठोके मिळतायत. म्हणजे दोघांच्या लेखी खोलीच वेगवेगळी आहे! माझ्या मते अशी बरीचशी भांडणं इथेच सुरू होतात. म्हणून वाद घालण्याआधी दोघांनी आपली माहिती समोर ठेवायची: काय दिसलं, कधी दिसलं, त्यावर भरवसा किती. "हालचाल नाही" म्हणजे "माणूस नाही" असं धरायचं नाही. आणि एकदा निर्णय झाला की नवीन काही कळेपर्यंत तो थोडा वेळ टिकवायचा, म्हणजे ही चालू-बंदची कटकट थांबते.

आजींनी उठून स्वतःच बटण दाबलं, तर मात्र दोघांनीही गप्प बसायचं.

तुमच्या घरातली उपकरणं चालवणाऱ्या ॲपमध्ये एकाच पंख्याला हुकूम सोडणारे नियम किती आहेत ते बघा. "हालचाल नसेल तर बंद" हा नियम बेडरूमला लावला असेल, तर आधी तो काढा.