ज्याचा प्रचार, तोच गायब

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात भोंगा लावलेली प्रचाराची गाडी फिरतेय. आवाज हॅल फिलिप वॉकरचा, रिप्लेसमेंट पार्टीचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. म्हणतोय काय, तर काँग्रेसमधून, म्हणजे तिथल्या संसदेतून, वकिलांना हाकला, चर्चवर टॅक्स लावा, राष्ट्रगीत बदला. पण जवळपास दोन तास चाळीस मिनिटांच्या पिक्चरमध्ये हा गडी एकदाही तोंड दाखवत नाही!

दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनचा 'नॅशव्हिल', साल 1975. पाच दिवस, 24 पात्रं आणि हिरो कुणीच नाही. शूटिंग 1974 च्या उन्हाळ्यातलं, म्हणजे तिकडे वॉटरगेट घोटाळ्यापायी राष्ट्राध्यक्ष निक्सनची खुर्ची गेली तेव्हाचं, त्यामुळे पुढाऱ्यांवरचा लोकांचा विश्वास पार उडालेला, आणि हे सगळं पिक्चरमध्ये कुणी भाषण देऊन सांगत नाही, नुसतं जाणवत राहतं.

सुरुवातीलाच हेवन हॅमिल्टन बघा. कंट्री म्युझिक म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या बाजाची गाणी, त्यातलं बडं प्रस्थ, बुटका, स्टुडिओत देशाच्या 200 वर्षांचं गाणं गातोय, आणि पियानोवाला चुकला की त्याला केस कापून ये म्हणून झापतो. देशभक्ती एकदम कडक. पण वॉकरचा माणूस ट्रिपलेट येऊन गव्हर्नरपदाचं गाजर दाखवतो की साहेब विरघळतात.

हेवनवर हसू येतं, पण सूलीन गेवर येत नाही. एअरपोर्टवरची वेट्रेस, गळा अजिबात नाही पण स्वप्न स्टार व्हायचं. तिला गायला म्हणून बोलावतात वॉकरच्या फंडासाठी जमलेल्या पुरुषांच्या पार्टीत, आणि तिथे गेल्यावर कळतं की या लोकांना गाणं नकोय, कपडे उतरवायला हवेत. बार्बरा जीन या बड्या गायिकेबरोबर स्टेजवर गाशील, असं आमिष दाखवतात आणि ती उतरवते. ब्रामध्ये कोंबलेले मोजे काढून फेकते, तो क्षण बघवत नाही. सगळ्या पिक्चरमधला सगळ्यात जहाल सीन माझ्या मते हाच.

गाण्यांचं म्हणाल तर बरीचशी नटांनीच लिहिली, त्यावरून नॅशव्हिलचे गाणारे नाराज होते. त्यातल्या कीथ कॅरडाइनला मात्र गाण्यासाठी ऑस्कर मिळालं.

शेवट पार्थेनॉनसमोर, ग्रीसच्या मंदिराची ही मोठ्ठी नक्कल सेंटेनियल पार्कात आहे. बार्बरा जीनच्या नवऱ्याने बजावलं होतं, राजकारण नको, तरी मागे वॉकरचा हा एवढा बॅनर! ती गाते आणि गर्दीतला एक पोरगा गोळी झाडतो. का झाडली, हे ऑल्टमन सांगत नाही, बरंच केलं. जखमी हेवन ओरडतो, हे डॅलस नाही (केनेडींना गोळी घातली ते शहर), नॅशव्हिल आहे, कुणीतरी गा! माइक जातो अल्बुकर्कीच्या हातात, जी पिक्चरभर नवऱ्याला गुंगारा देत गायचा चान्स शोधतेय. ती गाते, मला काही फिकीर नाही, आणि मिनिटाभरात सगळं पब्लिक तिच्यामागे तेच गायला लागतं, आवाज तर काय लागलाय बाईचा, एवढ्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं तिला.