एरोस्पेस की मेकॅनिकल?

नमस्कार श्रोतेहो.

तीन वर्षांपूर्वी, सीईटीचा निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरतेय. एका खासगी कॉलेजात एरोस्पेस मिळतंय आणि सरकारी कॉलेजात मेकॅनिकल. मला अंतराळवीर व्हायचंय, म्हणजे एरोस्पेसच पहिलं टाकू ना?" मागून ताईचा आवाज येत होता, "अगं, आधी फी विचार त्याला, फी!"

माझी सगळी नोकरी रॉकेटचे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात झाली. त्या भरवशावर मी तिला सांगितलं, "मेकॅनिकल वर टाक." ती नाराज झाली. असं का सांगितलं, ते आज तुमच्याशी बोलतो, कारण हाच प्रश्न दर जूनमध्ये कितीतरी घरांत पडलेला असतो.

पहिली गोष्ट, बारावीनंतर प्रवेश घेऊन अंतराळवीर होता येईल अशी पदवीच नाही. १९८४ साली अंतराळात गेलेले राकेश शर्मा हवाई दलाचे टेस्ट पायलट, म्हणजे विमानं उडवून तपासणारे वैमानिक, होते. गगनयानासाठी, म्हणजे माणसांना अंतराळात नेण्याच्या भारताच्या मोहिमेसाठी, निवडलेले चौघेही हवाई दलाचेच. त्यांच्यातले शुभांशू शुक्ला आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याला, एनडीएत म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकले. २००६ साली ते हवाई दलात अधिकारी झाले, लढाऊ विमानं उडवली, टेस्ट पायलट झाले, बंगळुरूच्या आयआयएस्सीतून एरोस्पेसमध्ये एम.टेक. केलं, आणि २५ जून २०२५ रोजी अंतराळ स्थानकाकडे निघाले. तेव्हा त्यांचं वय ३९ होतं. वर्दी चढवल्यापासून १९ वर्षं! एवढ्या काळात अंतराळात जायला मिळेलच, असं कुणीही त्यांना लिहून दिलेलं नव्हतं. म्हणून मी मुलांना विचारतो, अंतराळात जायला नाहीच मिळालं, तरी विमान उडवायला आवडेल का? उत्तर मनापासून 'हो' असेल, तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित ठेवा आणि एनडीएची परीक्षा द्या. २०२२ पासून तिथे मुलीही शिकतात. संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, दहावीनंतर तिथे मुलांची तयारी करून घेतात. तालुक्याच्या गावातल्या पालकांना हे अजून माहीत नसतं.

नासाचं नाव काढणारी मुलंही भेटतात. नासाच्या अंतराळवीराला अमेरिकेचं नागरिकत्व लागतंच. कल्पना चावला कर्नालच्या. चंडीगडला एरोनॉटिकल शिकल्या, पुढे टेक्सासला गेल्या, कोलोरॅडोत १९८८ साली पीएच.डी. झाल्या, तिथल्या नागरिक झाल्या आणि १९९७ साली पहिल्यांदा उडाल्या. वाट आहे, पण लांबची आहे. एम.एस.साठी कर्ज काढणाऱ्या आईवडिलांनी एवढं मात्र आधी समजून घ्यावं, की तिथल्या रॉकेट कंपन्यांत निर्यात-नियंत्रणाच्या, म्हणजे तंत्रज्ञान परदेशी जाऊ नये म्हणून केलेल्या, कायद्यांमुळे परक्या देशाच्या माणसाला नोकरी मिळणं फार अवघड जातं.

आता इंजिनिअरकडे येतो. इस्रोची शास्त्रज्ञ-इंजिनिअर पदाची जाहिरात कधी नीट वाचून बघा. बहुतेक वेळा तीन शाखा मागितलेल्या असतात, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स. अट असते ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए. नाव अंतराळ संशोधन संस्थेचं, आणि मागणी मेकॅनिकलची. असं का, ते मला कामावर कळलं.

पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटचा पहिला, सर्वांत खालचा टप्पा डोळ्यांसमोर आणा. पोलादाची नळी, व्यास २.८ मीटर, म्हणजे नळी आडवी असताना आत उभ्या माणसाने हात वर केले तरी छताला लागणार नाहीत. पाच तुकडे एकावर एक जोडलेले, आत १३९ टन घन इंधन, आणि ते सगळं दोन मिनिटांच्या आत जळून जातं. एवढा दाब सोसणारी भिंत बोटाच्या जाडीचीही नसते. मग वेल्डिंगमध्ये साबुदाण्याहून बारीक पोकळी राहिली तरी चालत नाही. वेल्डचा एक्स-रे काढतात. अंधाऱ्या खोलीत, उजेडाच्या पेटीवर ती फिल्म लावून आम्ही भिंग घेऊन बसायचो. जोडाचा फिकट पट्टा दिसतो, आणि त्यात कुठे सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला की पोटात गोळा यायचा. तो ठिपका म्हणजे आत अडकलेल्या वायूचा बुडबुडा. तेवढी जागा खोदायची, पुन्हा भरायची, पुन्हा फिल्म काढायची. त्या खोलीत माझ्या शेजारी एक धातुशास्त्र शिकलेले होते, एक फिजिक्सचे बी.एस्सी. आणि एक डिप्लोमा झालेले. सर्वांत तयार नजर डिप्लोमावाल्यांची होती! आणि तो जोड ज्यांच्या हातचा, ते वेल्डर आयटीआयचे. इस्रोतसुद्धा तंत्रज्ञ आयटीआयमधून आणि तांत्रिक सहायक डिप्लोमातून घेतात. दहावीनंतर आयटीआयला गेलेल्या पोराला अंतराळाची वाट बंद झाली, असं कुणी म्हटलं तर मला मनापासून वाईट वाटतं.

याचा अर्थ एरोस्पेस घेऊच नका, असा नाही. पवईच्या आयआयटीत त्याचा उत्तम विभाग आहे. तिरुवनंतपुरमला अंतराळ विभागाची स्वतःची संस्था आहे, आयआयएसटी, तिथला प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर होतो. तिथे मिळत असेल तर डोळे झाकून जा. बाकी ठिकाणी मात्र जाऊन बघा. वाऱ्याचा बोगदा, म्हणजे विंड टनेल, दाखवा म्हणा. आहे का, चालू आहे का, आणि मुलांना स्वतः हात लावू देतात का, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारा, ती खरं सांगतात.

आणखी एक घोटाळा फार होतो. एएमई म्हणजे विमान देखभालीचं शिक्षण, त्याचा परवाना डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, देतं. काम जबाबदारीचं आणि मानाचं आहे, पण ती बी.ई. नव्हे. आमच्या शेजारच्या मुलाला एका संस्थेत 'एरोस्पेस इंजिनिअर होशील' म्हणून सांगून दोन वर्षांची फी भरून घेतली. नंतर एम.टेक.ला जावं म्हणून चौकशी केली, तेव्हा हाती पदवीच येणार नाही, हे कळलं. त्याच्या वडिलांनी त्या फीसाठी जमिनीचा तुकडा विकला होता. पैसे भरण्याआधी विचारा, पदवी कोणत्या विद्यापीठाची? एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता आहे का? कागद बघितल्याशिवाय उठू नका.

भाचीने शेवटी मेकॅनिकल घेतलं. पहिले सहा महिने माझ्याशी धड बोलली नाही. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला तिचा फोटो आला, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्वतः केलेल्या वेल्डिंगचा. खाली लिहिलं होतं, "मामा, यात कुठे छिद्र दिसतंय का?"

मी चष्मा लावला, फोटो मोठा करून टोकापासून टोकापर्यंत बघितला. दोन होती. दोन्हींच्या जागा तिला कळवल्या.

नमस्कार.